किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर : एका दिवसाच्या सहलीचा पाठ

प्राथमिक शाळेच्या वार्षिक नियोजनात सहलीस जागा असते. पाठांच्या टाचणात मात्र ती सहसा आढळत नाही. सहल निघते ती बहुधा डिसेंबरात, मुले मागे लागली आहेत आणि गाडी मिळते आहे म्हणून. परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध लिहून घेतला जातो. पहाटे लवकर उठणे, गाडीत गाणी म्हणणे, डबा खाणे आणि शेवटी 'खूप मजा आली' हे वाक्य, एवढाच त्या निबंधाचा ऐवज. चाळीस मुलांचे चाळीस निबंध एकमेकांच्या जागी ठेवले तरी फरक पडत नसेल, तर मुलांनी डोंगर पाहिला खरा, पण त्याला काही विचारले नाही असेच म्हणावे लागेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिक्षकास याबाबतीत साधनांच्या अभावाची तक्रार करता येणार नाही. अरबी समुद्र आणि सह्याद्रीचा माथा यांच्यामध्ये येथे सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटरांचे अंतर आहे. वेंगुर्ल्याहून सकाळी निघालेली गाडी सावंतवाडी व दाणोली या मार्गाने दोन तासांच्या आत-बाहेर आंबोलीस पोहोचते. तेवढ्या वेळात मूल समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर वर चढते. माडापोफळींची आगरे, काजूची लागवड, जांभ्या दगडाचे सडे, घाटातील दाट रान आणि माथ्यावरील थंड वाऱ्याचे पठार, असे भूगोलाच्या पुस्तकातील निरनिराळे धडे एकाच रस्त्यावर ओळीने मांडलेले आहेत. मुलांना ते पानापानांवरून शिकवावयाचे आणि रस्ता मात्र गाण्याच्या भेंड्यांत घालवावयाचा, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

हा रस्ता झाला कशासाठी, येथपासूनच पाठास आरंभ करावा. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती; तिचे पडके अवशेष आजही मुलांना दाखविता येतात. पुढे इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीकडे नेण्यासाठी घाटातून गाडीरस्ता झाला. तथापि त्या रस्त्याच्याही आधी पायवाटा होत्या, बैलांचे तांडे होते. मीठ, सुकी मासळी, नारळ घाट चढून वर जात. धान्य, गूळ, मिरची घाट उतरून खाली येई. 'आपल्या घरातील कोणती वस्तू घाटावरून आली आहे?' एवढाच प्रश्न सहलीपूर्वी एक आठवडा मुलांना घालून पाहावा. किनाऱ्यावरच्या एका शाळेत हा प्रश्न घातला असता एका मुलीने मसाल्याच्या डब्यातील संकेश्वरी मिरची आणून टेबलावर ठेवली. त्या मिरचीचे पुढे काय झाले, ते यथावकाश येईलच.

ही शाळा वेंगुर्ले तालुक्यातील समुद्रकाठची, पहिली ते सातवीपर्यंतची. शिक्षक चार. पाचवी, सहावी व सातवी मिळून मुले छत्तीस. वस्ती बहुतेक मच्छीमारांची आणि आगरांत मजुरी करणाऱ्यांची. सहलीची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रे, प्रथमोपचाराची पेटी, मुलींबरोबर शिक्षिका, या गोष्टी नियमांनी ठरलेल्या आहेत व शिक्षकांना त्या पाठ आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे नको. अडचण आली ती नियमांत नसलेल्या बाबतीत. एस. टी. शैक्षणिक सहलीस भाड्यात सवलत देते, तरीही माणशी काही वर्गणी काढावी लागतेच. छत्तिसांपैकी पस्तीस मुलांची वर्गणी जमा झाली. सहावीतील एका मुलाची आली नाही.

येथे पुष्कळ शिक्षक एक चूक करतात, आणि ती चांगुलपणाने करतात. ते स्वतःच्या खिशातून पैसे भरून मोकळे होतात. मुलगा सहलीस जातो, परंतु त्याच्या घरी ही गोष्ट उपकार म्हणून राहते आणि पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आजारी असल्याचे निमित्त सांगून घरीच बसतो. या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तसे केले नाही. ते संध्याकाळी बंदरावर गेले. मुलाचे वडील जाळे दुरुस्त करीत बसले होते. पैशाचा विषय निघण्यापूर्वीच ते म्हणाले, "गुरुजी, तो डोंगर आमी रोज होडयेतसून बगतव. पोराक पैशे भरून कित्याक दाखवचो?"

हा नकार गरिबीचा होता की अभिमानाचा, हे ठरविणे कठीण. बहुधा दोहोंचा असावा. मुख्याध्यापकांनी त्याचे उत्तर दिले नाही. उलट त्यांनीच विचारले, "होडीतून तो डोंगर कसा दिसतो?" तेव्हा त्या गृहस्थांनी हातातील सुई बाजूस ठेवली व सांगावयास सुरुवात केली. किनारा सोडून आत जाऊ लागले म्हणजे काय काय दिसेनासे होते, याचा त्यांनी क्रम सांगितला: "पयली रेव बुडता, मगे माड बुडतत, डोंगर सगळ्यात शेवटाक." जाळे कोठे टाकले हे ध्यानात ठेवण्यासाठी जवळची एक खूण व दूरच्या डोंगराची एक खूण एका रेषेत कशी आणावयाची आणि दुसरीकडची अशीच एक जोडी कशी धरावयाची, हेही त्यांनी वाळूवर काढून दाखविले. दोन रेषा जेथे छेदतात तेथे जाळे. भूमितीचा हा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या थोडक्यात आलेला नसेल.

दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ शाळेच्या पाठीमागे वाळूवर पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर उभे होते. त्यानंतर वर्गणीची अडचण राहिली नाही. ते स्वतः मदतनीस पालक म्हणून सहलीबरोबर जावयास तयार झाले आणि सहलीबरोबर जाणाऱ्या मदतनिसाकडून, अर्थातच, वर्गणी घ्यावयाची नसते. त्यांच्या मुलाची वर्गणी त्यांनी होऊन आणून दिली.

'आधी वाळू बुडते, मग माड, शेवटी डोंगर' या वाक्यातून सातवीच्या शिक्षकास गणिताचा एक उत्तम तास मिळतो. पृथ्वी गोल असल्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची जितकी अधिक तितके क्षितिज दूर जाते. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ३.५७ ने गुणावे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पुळणीवर उभ्या असलेल्या मुलाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंच धरला तर त्याचे क्षितिज अवघ्या ३.९ किलोमीटरांवर आहे. वीस मीटर उंचीच्या माडाच्या शेंड्यावरून ते सुमारे १६ किलोमीटरांवर जाईल, आणि आंबोलीच्या ६९० मीटर उंचीवरून सुमारे ९४ किलोमीटरांवर. होडीत बसलेल्या माणसास माडाचा शेंडा केव्हा दिसेनासा होईल हे काढण्यासाठी पहिल्या दोन संख्यांची बेरीज करावी. वीस किलोमीटर येतात. डोंगराचा माथा मात्र हवा स्वच्छ असेल तर याच हिशेबाने नव्वद किलोमीटरांच्याही पलीकडून दिसावयास हरकत नाही. प्रत्यक्षात धुरकट हवा त्याच्या पुष्कळ अगोदरच पडदा टाकते, हेही मुलांना सांगावे. पुस्तकातील उत्तर आणि समुद्रावरील उत्तर यांत फरक का पडतो, हे विचारण्याची सवय लागली तर गणित बिघडत नाही, सुधारते.

सहलीच्या दिवशी जी मुले शाळेत मागे राहतात त्यांनाही पाठात घ्यावे. या शाळेने दोन तापमापी आणल्या व आठ दिवस त्या शेजारीशेजारी टांगून दोहोंचे आकडे सारखे येतात की नाही हे पाहिले. ही खबरदारी फार महत्त्वाची आहे. तीवाचून पुढील सर्व उद्योग फुकट जातो. एक तापमापी चौथीच्या मुलांच्या स्वाधीन करून, ठीक अकरा वाजता सावलीतील तापमान लिहून ठेवण्यास सांगितले. दुसरी गाडीबरोबर गेली. अकरा वाजता आंबोलीस सावलीत २५.५ अंश होते. संध्याकाळी परत आल्यावर पाहतात तो चौथीच्या मुलांनी फळ्यावर ३०.५ लिहून ठेवले होते. हवा दर हजार मीटर उंचीस सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते, या नियमाने ६९० मीटरांस सुमारे साडेचार अंश यावयास हवेत. मुलांना पाच अंश मिळाले. शिक्षकाने येथे 'नियम सिद्ध झाला' असे म्हणू नये. समुद्रावरचा वारा, ढग, सावली कशाची आहे, या सर्वांचा परिणाम एका वेळच्या आकड्यावर होतो. एका दिवसाचा आकडा हा साक्षीदार आहे, निकाल नव्हे.

घाट चढताना मुलांचे कान बंद होतात व आवळा गिळावा तसा गिळल्याने पुन्हा मोकळे होतात. या प्रसंगाची भीती घालू नये, त्याचे कारण सांगावे. वर जाऊ तसतसा आपल्या डोक्यावरील हवेचा थर कमी होतो; आंबोलीस हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. कानाच्या पडद्याच्या आतील हवा मात्र अजून किनाऱ्यावरचीच असते. याचा प्रयोग अगदी बिनखर्ची आहे. पाण्याची पातळ प्लास्टिकची रिकामी बाटली माथ्यावर उघडून तिचे झाकण घट्ट लावावे आणि ती पिशवीत ठेवून खाली आणावी. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत ती कोणी दाबल्यासारखी चेपलेली असते. उलट किनाऱ्यावरून नेलेली चिवड्याची बंद पुडी माथ्यावर टम्म फुगते. या शाळेतील मुलांनी पुडी फुगलेली पाहिली आणि लगेच फोडून खाल्ली, त्यामुळे परतीचे निरीक्षण राहून गेले. असे व्हावयाचेच.

वळणांवर ओकारी होणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. उपाशीपोटी नेऊ नये आणि पोट तडस लागेपर्यंत भरूनही नेऊ नये. अशा मुलास पुढील बाजूस बसवावे व रस्त्यावर दूरवर नजर ठेवावयास सांगावे. वही काढून टिपणे घेण्याचा आग्रह घाटात धरू नये.

माथ्यावर पोहोचल्यावर या शाळेने प्रथम हिरण्यकेशीचे स्थान गाठले. येथे डोंगराच्या गुहेतून पाणी बाहेर येते. मंदिर आहे, कुंड आहे. मुलांना येथे पाण्यात उतरू देऊ नये, आणि त्यास केवळ देवस्थानाची मर्यादा हेच कारण नाही. या जागेतील एका लहानशा माशाची जात जगास नवीन असल्याचे २०२० साली संशोधकांनी प्रसिद्ध केले व तिला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नदीचेच नाव मिळाले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने हे ठिकाण जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. मच्छीमारांच्या मुलांना बोटाएवढ्या माशाचे कौतुक वाटणार नाही, अशी शिक्षकांची कल्पना होती. ती खोटी ठरली. 'हा मासा समुद्रात का जात नाही?' असे एकाने विचारले, आणि तोच प्रश्न शिक्षकांनी पुढे चालविला: हे पाणी तरी समुद्रात जाते काय? जात असेल तर कोणत्या?

छत्तीसच्या छत्तीस मुलांनी पश्चिमेकडे, आपल्या समुद्राकडे हात केला. कोणीही त्यांची चूक काढली नाही. सकाळची वेळ होती. काठी उभी करून तिच्या सावलीवरून मुलांनी पूर्व व पश्चिम ठरविली. मग कुंडापासून खाली, प्रवाहात एक वाळलेले पान सोडले आणि मुले त्याच्याबरोबर काठाने चालू लागली. पान समुद्राकडे पाठ करून निघाले. बराच वेळ मुले 'पुढे वळेल' असे म्हणत होती.

ते वळत नाही. हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या बाजूने पूर्वेकडे जाऊन घटप्रभेस मिळते. घटप्रभा कृष्णेस, आणि कृष्णा आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास. ज्या ठिकाणाहून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांवर आहे, तेथून निघालेले पाणी सरळ रेषेत मोजले तरी सातशे किलोमीटरांहून दूर असलेला पूर्वेचा समुद्र गाठते. नदीच्या वळणांनी ते अंतर आणखी पुष्कळ वाढते. त्याच माथ्याच्या पश्चिम कड्यावर पडलेला थेंब मात्र ओढ्यानाल्यांतून त्वरेने अरबी समुद्रास येऊन मिळतो. 'जलविभाजक' हा शब्द पाठ करून घेण्याची जागा वर्ग नव्हे, ही आहे. आणि तोही शब्द पान वाहून गेल्यानंतर सांगावा, आधी नव्हे. मिरची आणणाऱ्या मुलीस येथे एकाएकी उमगले की, आपल्या घरच्या मसाल्यातील संकेश्वरी मिरचीला ज्या गावाचे नाव आहे ते गाव याच नदीच्या काठी आहे. तिला ते कोणी सांगितले नव्हते. शिक्षकांनी नदीकाठच्या गावांची नावे घेताना ती मध्येच थांबली, एवढेच.

पावसाचा विषयही येथेच निघाला. वेंगुर्ल्यास वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. आंबोलीस तो सात हजारांच्या घरात जातो. याच नदीच्या काठाने संकेश्वरापर्यंत उतरून गेले तर तो हजारही भरत नाही. समुद्रावरून आलेला ओलसर वारा डोंगराने अडविला जातो, वर चढतो, चढताना थंड होतो व पाणी टाकतो. पलीकडे उतरताना त्याच्यापाशी द्यावयास फारसे उरलेले नसते. माथ्यावरील हवेचे तापमान मुलांनी तासाभरापूर्वीच मोजले होते, त्यामुळे हे विवेचन निराधार राहिले नाही. सात हजार मिलिमीटर म्हणजे किती, हे कळण्यासाठी मात्र आकडा पुरत नाही. सात मीटर लांबीची दोरी घेऊन ती शाळेच्या भिंतीवर उभी धरावी. बहुतेक शाळांच्या कौलांवरून ती वर जाईल.

दुपारी मुले गावातील शाळेत गेली. अगोदर पत्र पाठविलेले होते. ज्या गावास जावयाचे तेथील शाळेस न भेटता परत येणे म्हणजे एखाद्याच्या अंगणातून जाऊन त्याला हाक न मारण्यासारखे आहे. तरीही बहुतेक सहली तेच करतात. किनाऱ्यावरच्या मुलांनी शिंपले, रेतीची पुडी आणि शिरोड्याच्या मिठागरातील जाडे मीठ नेले होते. शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, एवढे वर्गात सांगून झालेले असल्याने मीठ देणाऱ्या मुलाने ते मोठ्या रुबाबात सांगितले. घाटावरच्या मुलांनी नाचणीची कणसे व कारवीच्या वाळक्या काठ्या दिल्या, आणि कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते हेही सांगितले. 'सात वर्षांनी म्हणजे आम्ही कितवीत?' असा हिशेब तेथेच सुरू झाला. पोषण आहाराच्या चुलीवर पाणी उकळत होते. त्यात प्रयोगाची तापमापी धरली असता पारा शंभरावर गेला नाही. अठ्ठ्याण्णवाच्या किंचित खाली स्थिर राहिला. दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते, आणि पाणी कमी उष्णतेवर उकळते म्हणूनच उघड्या भांड्यातील डाळ मात्र उशिरा शिजते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावा, मुलांना वाफेपासून दूर ठेवावे.

आता त्या दिवसाचा जो भाग लिहिणे अप्रिय आहे तो लिहिला पाहिजे, कारण इतर शाळांना त्याचाच उपयोग अधिक होईल.

सकाळी मुलांच्या अठरा जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची जबाबदारी घ्यावयाची व शिट्टी वाजताच हात धरून उभे राहावयाचे, असा दंडक होता. जेवणाच्या वेळी दोन्ही शाळांची मुले मिसळली, नव्या ओळखी झाल्या आणि जोड्या मोडल्या. त्या पुन्हा लावल्या गेल्या नाहीत. दोन्ही शिक्षकांना वाटले की दुसऱ्याने लावल्या. तीन वाजता महादेवगडाच्या टोकावर पोहोचल्यावर गणती झाली ती पस्तीस.

नसलेला मुलगा तोच होता, सहावीतील. त्याचे वडील त्या वेळी दोन ओकारी झालेल्या मुलांपाशी गाडीत थांबले होते. शिक्षकांनी कडेने पाहिले तेव्हा कठडा संपतो त्याच्या पलीकडे एका खडकावर तो पाय सोडून बसलेला दिसला. खाली दरी होती. त्याला मुळीच भीती वाटत नव्हती. माडावर सरसर चढणारे, भरतीच्या लाटेवर होडी लोटणारे ते मूल. उंचीचे भय त्याला कोठून असणार? समुद्र ओळखणाऱ्या मुलास कडा ओळखता येतोच असे नाही. लाटेपुढे केव्हा मागे सरावे हे त्याला बापाने शिकविलेले असते. कड्याच्या काठचा खडक सुटा असू शकतो, वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो, दरीतून येणारा वारा एकाएकी झोत मारतो, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. घाटावरच्या मुलांना समुद्रावर नेताना हीच गोष्ट उलट्या बाजूने खरी ठरते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले, ते बाहेरगावाहून आलेले होते.

मुख्याध्यापकांनी आरडाओरड केली नाही व ते धावलेही नाहीत. दचकलेले मूल झटकन उठते, आणि तेथे उठणे हाच धोका होता. दुसऱ्या शिक्षिकेने उरलेली मुले कड्यापासून मागे नेऊन खाली बसविली. मुख्याध्यापक सावकाश कठड्याच्या टोकापर्यंत गेले, स्वतः खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी त्याला नावाने हाक मारून विचारले, "काय दिसते आहे?"

मुलाने मान न वळविता सांगितले, "समुद्र."

सकाळपासून धुरकट असलेली पश्चिम बाजू उन्हे कलल्यावर उजळली होती आणि अगदी शेवटी, जमिनीच्या काठाला, एक चकाकणारी पट्टी दिसत होती. मुलगा बापाची खूण उलट बाजूने शोधत होता. होडीतून हा डोंगर दिसतो तर डोंगरावरून होडी दिसली पाहिजे, हा त्याचा विचार होता आणि विचार म्हणून त्यात काही चूक नव्हती. "बसल्या बसल्या मागे सरक, मग दोघे मिळून पाहू," असे सांगितल्यावर तो हातांवर जोर देऊन मागे सरकत आला. त्याचा दंड हातात येईपर्यंत मुख्याध्यापक दुसरे काही बोलले नाहीत. त्यानंतर सर्व मुलांना, कठड्याच्या आत जोड्यांनी उभे करून, ती पट्टी दाखविण्यात आली. होडी मात्र कोणालाही दिसली नाही. चाळीस किलोमीटरांवरची होडी डोळ्यास किती लहान दिसेल, हे गणित शिक्षकांनी तेथे काढले नाही. त्यांचे हात अजून स्थिर नव्हते.

मुलास शिक्षा झाली नाही. सोमवारी शाळेत शिक्षकांनी सर्व मुलांसमोर सांगितले की जेवणानंतर जोड्या पुन्हा लावणे हे आमचे काम होते व ते आमच्याकडून राहिले. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. शिक्षकाने मुलांपुढे चूक कबूल केल्यास वचक राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. परंतु छत्तीस मुलांच्या घरी ती गोष्ट शनिवारी रात्रीच पोहोचलेली होती. लपविण्याजोगे काही उरले नव्हते, आणि वचक कशाचा ठेवावयाचा हाही प्रश्नच आहे. मुलाच्या वडिलांनी त्याबद्दल शब्दही काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात ते शाळेत येऊन एवढेच विचारून गेले की, पुढील वर्षी गाडीत थांबण्यास कोणी दुसरा मिळेल काय, म्हणजे आपण मुलांबरोबर राहू.

या अनुभवावरून त्या शाळेने दोन बदल केले. गाडीतून उतरल्यावर, जेवणापूर्वी, जेवणानंतर, प्रत्येक ठिकाणी पोहोचताच व तेथून निघताना गणती करावयाची आणि ती कोणत्या शिक्षकाने करावयाची त्याचे नाव अगोदर कागदावर लिहून ठेवावयाचे. दुसरे असे की, कड्यावर मुलांना नेण्यापूर्वी गावातील एखाद्या जाणत्या माणसाकडून कड्याची माहिती सांगवावयाची, ज्याप्रमाणे होडीवाल्याकडून समुद्राची सांगविली. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात व दाट धुक्यात हाकेच्या अंतरावरील मूल दिसत नाही; तेव्हा धबधब्यांचा मोह कितीही असला तरी लहान मुलांची सहल त्या दिवसांत नेऊ नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारच्या आत माथा सोडावा म्हणजे घाट उजेडी उतरून होतो.

परत आल्यावर निबंध लिहून घेतला नाही. प्रत्येक मुलास अर्धा कागद दिला व त्यावर सहलीत सुचलेला, परंतु उत्तर न मिळालेला एक प्रश्न लिहावयास सांगितले. पाचवीतील एका मुलीने लिहिले: पान आता कोठे असेल? सातवीतील एकाने: डोंगर बुडताना शेवटी दिसतो, तर परत येताना तोच पहिला दिसतो काय? याचे उत्तर गावातील कोणीही मच्छीमार देऊ शकला असता आणि मुलास तेथेच पाठविण्यात आले. चौथीच्या मुलांनी, जी गेलीच नव्हती, विचारले की आमची तापमापी अकरा वाजताच का पाहावयाची होती? छत्तीस कागद व चौथीचा एक, असे सदतीस कागद दोरीवर टांगून ठेवले. जानेवारी संपेपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न सुटून खाली उतरले.

जानेवारीतच घाटावरील शाळेचे पत्र आले. त्यांच्या मुलांचेही प्रश्न सोबत होते. 'आमच्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी तुमचा समुद्र भरून का जात नाही?' हा त्यांतील पहिला. त्याचे उत्तर किनाऱ्यावरच्या मुलांनी नकाशा काढून पाठविले, कारण त्या पावसापैकी पुष्कळ पाणी त्यांच्या समुद्राकडे येतच नाही हे त्यांनी पानाबरोबर चालून पाहिले होते. फेब्रुवारीत घाटावरची मुले समुद्र पाहावयास खाली यावयाची आहेत. दिवस ठरविताना पंचांगातील तिथी व ओहोटीची वेळ पाहण्याचे काम सहावीच्या त्या मुलाकडे व त्याच्या वडिलांकडे सोपविले आहे. सकाळी दहा ते एक ओहोटी असेल असा शनिवार त्यांनी शोधावयाचा आहे. पाण्याच्या कडेला दोरी ताणून तिच्या पलीकडे कोणी पाऊल टाकावयाचे नाही, हे सांगण्याचे काम मुलगाच करणार आहे.